मूव्हमेंट आणि तिचे कवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश कवितेविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि कवितेचे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूव्हमेंट म्हणजे नेमके काय, आणि ती कोणत्या काळातली?

१९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये नऊ कवींची नावे एकत्र घेतली जाऊ लागली आणि त्यांच्या कवितेला ‘द मूव्हमेंट’ हे नाव पडले. स्पष्ट अर्थ, शाबूत वाक्यरचना, वृत्त आणि यमक यांची शिस्त, बोलीच्या जवळचा पण शिकलेल्या माणसाचा स्वर, आणि भव्य घोषणांविषयीचा संशय ही या कवितेची ओळखीची लक्षणे आहेत. हिचा खरा जोर १९५३ ते १९५७ या चार-पाच वर्षांत दिसतो. कोणताही जाहीरनामा काढून, सभासद नोंदवून सुरू झालेली ही चळवळ नव्हती. म्हणूनच ती अस्तित्वात होती की नव्हती, हा वाद तिच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे (प्रश्न ४ पहा).

२. हे नाव कोणी दिले?

लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकाने. २७ ऑगस्ट १९५४ च्या अंकात अँथनी हार्टली यांनी पन्नाशीच्या दशकातील कवींवर लेख लिहिला, आणि १ ऑक्टोबर १९५४ च्या अंकात ‘इन द मूव्हमेंट’ हा निनावी लेख आला. तो साप्ताहिकाचे साहित्य-संपादक जे. डी. स्कॉट यांनी लिहिलेला होता. त्यात डोनाल्ड डेव्ही आणि थॉम गन यांच्या कवितेची, तसेच जॉन वेन, किंग्जली एमिस आणि आयरिस मर्डॉक यांच्या कादंबऱ्यांची एकत्र चर्चा होती. म्हणजे आरंभी हे नाव केवळ कवितेसाठी नव्हते. मर्डॉक यांचे नाव पुढे या यादीतून गळाले आणि चळवळ हळूहळू कवींची म्हणून उरली. साप्ताहिकाला त्या वेळी चर्चेचा विषय हवा होता, हे स्कॉट यांनी बऱ्याच वर्षांनी स्वतःच लिहिले. लेख येताच कादंबरीकार इव्हलिन वॉ यांनी संपादकांना पत्र लिहून तरुण लेखकांना कळपात न कोंबता एकेकट्याने वाचावे, अशी खोचक विनंती केली होती. ती विनंती कोणी मानली नाही, पण ती रास्त होती असे आज मागे वळून पाहताना वाटते.

३. यात कोण कोण कवी येतात? प्रत्येक पुस्तकात यादी वेगळी का दिसते?

सर्वांत जास्त मानली जाणारी यादी रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांनी संपादित केलेल्या आणि १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू लाइन्स’ या संग्रहातून आली आहे. त्यात फिलिप लार्किन, किंग्जली एमिस, डोनाल्ड डेव्ही, थॉम गन, एलिझाबेथ जेनिंग्ज, जॉन वेन, डी. जे. एनराइट, जॉन होलोवे आणि स्वतः कॉन्क्वेस्ट असे नऊ जण आहेत. त्याच्या आदल्याच वर्षी एनराइट यांनी ‘पोएट्स ऑफ द नाइन्टीन-फिफ्टीज’ हा संग्रह काढला होता. एनराइट तेव्हा जपानमध्ये शिकवत असल्यामुळे इंग्लंडच्या या कवितेचा पहिला एकत्रित संग्रह टोकियोत छापला गेला. त्यात गन सोडून हेच आठ जण होते आणि प्रत्येकाने कवितेविषयीचे आपले मत थोडक्यात लिहून दिले होते. चळवळीला जाहीरनामा नसला, तरी त्याच्या सर्वांत जवळ जाणारा मजकूर तेथे सापडतो.

याद्या बदलतात, कारण १९५४ च्या लेखात कादंबरीकार होते, १९५५ च्या पुस्तकात गन नव्हते, आणि १९६३ च्या ‘न्यू लाइन्स’च्या दुसऱ्या भागात कॉन्क्वेस्ट यांनी आणखी बरीच नावे घेतली. परीक्षेसाठी विचारत असाल तर १९५६ ची नऊ नावे धरावीत.

४. हे सगळे एकमेकांचे मित्र होते का? मग ते चळवळ नाकारत का होते?

काही मित्र होते, काहींची एकमेकांशी गाठही पडलेली नव्हती. लार्किन आणि एमिस १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात भेटले आणि त्यांची मैत्री आयुष्यभर पत्रांतून चालली. एमिस यांची ‘लकी जिम’ ही कादंबरी लार्किन यांनाच अर्पण केली आहे. वेन त्याच कॉलेजात थोडे मागाहून आले. जेनिंग्ज यांचीही एमिस यांच्याशी ओळख ऑक्सफर्डमधली. दुसरीकडे डेव्ही, गन आणि एनराइट केंब्रिजचे. तेथे एफ. आर. लीव्हिस यांच्या कठोर समीक्षेचे वातावरण होते आणि ऑक्सफर्डच्या मंडळींच्या थट्टेखोर बैठकीशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

नकाराची दोन प्रसिद्ध उदाहरणे देता येतील. गन यांनी म्हटले होते की चळवळ आहे हे कळण्याआधीच आपण तिच्यात जाऊन पडलो होतो. लार्किन यांनी १९६४ च्या एका मुलाखतीत आपल्यात आणि गन किंवा डेव्ही यांच्यात काही समान आहे असे आपल्याला कधी वाटलेच नाही, असे सांगितले. हे नकार प्रामाणिक आहेत, पण ते जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. ही माणसे एकमेकांच्या पुस्तकांची परीक्षणे लिहीत होती, नभोवाणीवर आणि संग्रहांत एकमेकांना जागा देत होती, आणि एकाच प्रकारच्या कवितेची टिंगल करत होती. ब्लेक मॉरिसन यांनी १९८० मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले तेव्हा पत्रे, परीक्षणे आणि कविता यांतून हे नातेसंबंध दाखवून दिले, आणि तेव्हापासून ‘हे सगळे संपादकाच्या डोक्यातून निघाले’ हा दावा टिकत नाही. शिवाय कळप नाकारणे हेच या गटाचे एक समान लक्षण होते, ही गंमत नजरेआड करू नये.

५. यांचा विरोध कशाला होता?

प्रामुख्याने १९४० च्या दशकातील उसळत्या, प्रतिमांनी गच्च भरलेल्या कवितेला. जे. एफ. हेन्ड्री आणि हेन्री ट्रीस यांच्या पुढाकाराने १९३९ पासून ‘न्यू अपोकॅलिप्स’ या नावाने संग्रह निघाले. त्यांत स्वप्न, पुराणकथा, रक्त, समुद्र यांच्या प्रतिमा एकमेकींवर आदळत जात. त्या वातावरणात डिलन टॉमस यांचा दरारा सर्वांत मोठा होता. ते ९ नोव्हेंबर १९५३ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले आणि त्यांच्या नावाभोवती जी भाबडी भक्ती उसळली, तिने या तरुण कवींची चीड आणखी वाढवली. वास्तविक टॉमस यांची कविता वृत्ताच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे. मूव्हमेंटच्या कवींनी टॉमस यांच्यापेक्षा त्यांच्या अनुकरणकर्त्यांवर बाण सोडले असते तर ते अधिक योग्य ठिकाणी लागले असते.

विरोधाचे दुसरे लक्ष्य एलियट आणि पाउंड यांचा आधुनिकतावाद हे होते: तुटक रचना, अनेक भाषांतील उल्लेख, टिपांशिवाय न उलगडणारे संदर्भ. १९५५ च्या टोकियोच्या पुस्तकात (प्रश्न ३ पहा) लार्किन यांनी परंपरा आणि सर्वांच्या सामाईक पुराणकथांचा साठा यांवर आपला विश्वास नाही असे लिहिले, तर एमिस यांनी तत्त्ववेत्ते, चित्रे, कलादालने, पुराणकथा आणि परदेशी शहरे यांवरच्या कविता आता कोणालाच नको आहेत असे जाहीर केले. या दुसऱ्या विरोधात मात्र सगळे सारखे सामील नव्हते (प्रश्न १२ पहा).

६. मग यांच्यापुढे आदर्श कोणते होते?

येथे उत्तर कवीनुसार बदलते. लार्किन यांचा पहिला संग्रह ‘द नॉर्थ शिप’ १९४५ मध्ये निघाला तो येट्स यांच्या नादमय प्रभावाखाली लिहिलेला आहे. थॉमस हार्डी यांच्या कविता वाचल्यावर आपण त्यातून बाहेर पडलो, असे त्यांनी त्या संग्रहाच्या १९६६ च्या आवृत्तीत लिहिले. हार्डी यांच्याकडून त्यांनी घेतले ते साध्या प्रसंगावर विश्वास ठेवणे. वेन यांना विल्यम एम्पसन यांच्या कवितेची ओढ होती आणि १९५० मध्ये त्यांनी एम्पसन यांच्यावर लिहिलेल्या निबंधाने पुष्कळांना तिकडे वळवले. काही काळ इंग्लंडची मासिके एम्पसन यांच्या धर्तीच्या, ओळी ठरावीक क्रमाने परत आणणाऱ्या कवितांनी भरून गेली होती. त्यांतल्या बहुतेक आज वाचवत नाहीत. रॉबर्ट ग्रेव्हज यांचा मान सर्वांनाच होता. गन यांना पुढे अमेरिकेत आयव्हर विंटर्स हे गुरू मिळाले.

डेव्ही यांचा आदर्श सर्वांत अनपेक्षित म्हणावा लागेल. १९५२ च्या ‘प्युरिटी ऑफ डिक्शन इन इंग्लिश व्हर्स’ या समीक्षाग्रंथात ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील गोल्डस्मिथ, जॉन्सन, कूपर यांच्याकडे गेले आणि संयत शब्दकळा हे केवळ सौंदर्याचे प्रकरण नसून सार्वजनिक जबाबदारीचे आहे, असे त्यांनी मांडले. वाक्यरचना मोडणाऱ्या कवितेपासून फॅसिझमपर्यंत सरळ रस्ता जातो, असा त्यांचा त्या पुस्तकातला दावा अतिशयोक्त आहे. पण १९४५ नंतर सहाच-सात वर्षांनी एका तरुण इंग्रज समीक्षकाला असे का वाटावे, हे समजण्यासारखे आहे. गद्यलेखकांत जॉर्ज ऑरवेल यांचे नाव घ्यावे लागेल: त्यांच्या प्रामाणिकपणाचा या कवितेवर अप्रत्यक्ष पण मोठा प्रभाव आहे, असे कॉन्क्वेस्ट यांनी ‘न्यू लाइन्स’च्या प्रस्तावनेत म्हटले आहे.

७. प्रत्यक्ष कवितेत हे सगळे कसे दिसते? एखादे उदाहरण द्या.

लार्किन यांची ‘चर्च गोइंग’ ही कविता घेऊ. ती १९५४ मध्ये लिहिली गेली आणि ‘न्यू लाइन्स’मध्येही आहे. सायकलवरून फिरायला निघालेला एक माणूस रिकाम्या चर्चमध्ये डोकावतो. आत कोणी नाही याची खात्री करून घेतो, डोक्यावर टोपी नसल्यामुळे सायकलस्वार विजारीला लावतात ते चिमटेच आदराने काढतो, धर्मग्रंथाच्या चौकटीपाशी जाऊन काही ओळी चाळतो आणि वाचन संपल्याचे शब्द नको इतक्या मोठ्याने उच्चारतो, दानपेटीत आयर्लंडचे नाणे टाकतो आणि येथे थांबण्यासारखे काही नव्हते असे ठरवतो. पण तो थांबलेला असतो, आणि बऱ्याचदा थांबतो. येथून कविता प्रश्न विचारू लागते: श्रद्धा गेल्यावर या इमारतींचे काय होईल, आणि अश्रद्धाही गेल्यावर काय उरेल?

नऊ ओळींचे एक अशी सात कडवी, प्रत्येक कडव्यात यमकांची तीच वीण, आणि तरी सुरुवातीचा स्वर एखाद्या कंटाळलेल्या पर्यटकाचा वाटतो. वाक्ये कडव्यांच्या सीमा ओलांडत लांब होत जातात, थट्टा मागे पडते आणि शेवटच्या कडव्यात भाषा गंभीर, जवळजवळ प्रवचनाच्या उंचीवर पोचते. कवी मात्र कोठेही श्रद्धाळू होत नाही. माणसाला केव्हातरी स्वतःमध्ये गंभीर होण्याची भूक जाणवेल आणि तो अशा जागी ओढला जाईल, एवढेच तो म्हणतो. मूव्हमेंटची कविता कोरडी आणि बेताची असते असा जो आक्षेप घेतला जातो (प्रश्न १३ पहा), त्याला माझ्या मते हीच कविता सर्वांत चांगले उत्तर आहे. संयम आणि संशय येथे भिंतीसारखे उभे आहेत, आणि कवितेतली ताकद त्या भिंतीवर आतून पडणाऱ्या दाबातून येते. जेथे असा दाब नाही, तेथे मूव्हमेंटची कविता खरोखरच नुसती चतुर होते. एमिस आणि वेन यांच्या अनेक कवितांचे तसे झाले आहे.

८. ही कविता वाचकांपर्यंत पोचली कशी?

मोठ्या प्रकाशकांमार्फत कमी, आणि छोट्या छापखान्यांमार्फत अधिक. ऑक्सफर्डजवळ ऑस्कर मेलर हे चित्रकार ‘फँटसी प्रेस’ चालवत. १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी काढलेल्या पातळ पुस्तिका आणि संग्रह यांतून जेनिंग्ज, गन, डेव्ही, लार्किन, एमिस असे जवळजवळ सगळे पुढे आले. गन यांचा ‘फायटिंग टर्म्स’ आणि डेव्ही यांचा ‘ब्राइड्स ऑफ रीझन’ हे तेथलेच. हल शहराजवळच्या हेसल गावात जॉर्ज आणि जीन हार्टली या तरुण दांपत्याने ‘मार्व्हेल प्रेस’ काढली आणि १९५५ मध्ये आगाऊ वर्गणीदार गोळा करून लार्किन यांचा ‘द लेस डिसीव्ह्ड’ प्रसिद्ध केला. विसाव्या शतकातील इंग्रजी कवितेचे एक महत्त्वाचे पुस्तक असे एका घरातून बाहेर पडले.

नभोवाणीचा वाटाही मोठा आहे. १९५३ मध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर जॉन लेमन यांच्या जागी नवलेखनाचा कार्यक्रम वेन यांच्याकडे आला. ‘फर्स्ट रीडिंग’ नावाच्या या कार्यक्रमात ‘लकी जिम’चा काही भाग पुस्तक निघण्याआधीच वाचला गेला. लंडनच्या जुन्या साहित्यवर्तुळाने त्यावर बरीच आदळआपट केली, आणि त्यामुळे नव्या मंडळींचे नाव झाले.

९. ‘अँग्री यंग मेन’ आणि मूव्हमेंट एकच का?

नाही, पण त्यांचे दोन सांधे आहेत: एमिस आणि वेन. वेन यांची ‘हरी ऑन डाउन’ १९५३ मध्ये आणि एमिस यांची ‘लकी जिम’ जानेवारी १९५४ मध्ये आली. दोन्हींचे नायक शिकलेले पण प्रस्थापित वर्तुळात न रुळणारे, त्यामुळे मे १९५६ मध्ये जॉन ऑसबर्न यांचे ‘लुक बॅक इन अँगर’ रंगभूमीवर आल्यावर वृत्तपत्रांनी सर्वांना एकाच संतप्त पिढीत घातले. वेन यांनी १९५७ च्या ‘डिक्लरेशन’ या निबंधसंग्रहात भाग घेतला, एमिस यांनी नकार दिला. जेनिंग्ज, डेव्ही, होलोवे यांच्या कवितेत या अर्थाचा संताप शोधूनही सापडणार नाही.

१०. हे कवी राजकीयदृष्ट्या उजवे होते का?

पुढे त्यांपैकी काही झाले, पण आरंभी तसे नव्हते. हे कवी बहुतांशी कनिष्ठ किंवा साध्या मध्यमवर्गातले, शिष्यवृत्ती किंवा सरकारी शाळांच्या वाटेने ऑक्सफर्ड-केंब्रिजला पोचलेले, आणि युद्धोत्तर कल्याणकारी राज्याचे लाभ जवळून पाहिलेले. एमिस १९५७ मध्ये फेबियन सोसायटी या समाजवादी संस्थेसाठी समाजवादावर पुस्तिका लिहीत होते आणि मत मजूर पक्षालाच देऊ असे सांगत होते. दहा वर्षांनी त्यांनी आपण उजवीकडे का वळलो यावर लेख लिहिला. कॉन्क्वेस्ट विद्यार्थिदशेत कम्युनिस्ट होते, नंतर परराष्ट्र खात्यात काम करताना त्यांचे मत पार बदलले, आणि १९६८ मध्ये स्तालिनच्या शुद्धीकरणांवरचा ‘द ग्रेट टेरर’ हा ग्रंथ त्यांनी लिहिला. आज जगभर ते इतिहासकार म्हणूनच ओळखले जातात; कवी आणि संपादक कॉन्क्वेस्ट हे फार थोड्यांना माहीत आहेत.

पन्नाशीतल्या कवितेत राजकारण बहुधा गैरहजेरीने दिसते. तिशीच्या दशकातल्या ऑडन-पिढीने स्पेनच्या युद्धावर मोठमोठ्या कविता लिहिल्या होत्या, आणि डेव्ही यांनी ‘रिमेम्बरिंग द थर्टीज’ या कवितेत त्या वीरश्रीकडे थोड्या हेव्याने आणि थोड्या अविश्वासाने पाहिले आहे. ‘रिजॉइंडर टु अ क्रिटिक’ या कवितेत तर भावनेच्या अतिरेकाचे फळ हिरोशिमात दिसले असल्यामुळे आता बधिर राहण्याखेरीज आपण दुसरे काय धाडस करणार, असा प्रश्न ते टीकाकारालाच करतात.

११. नऊ जणांत एलिझाबेथ जेनिंग्ज या एकट्याच स्त्री आणि श्रद्धाळू कॅथलिक होत्या. मग त्या येथे बसतात कशा?

पूर्णपणे बसत नाहीत, आणि त्यांना स्वतःलाही ही अडचण जाणवत होती. त्यांचे शब्द साधे, वृत्ते नेमकी, स्वर संथ आणि वाक्ये स्वच्छ असल्यामुळे १९५६ च्या संग्रहात त्या शोभून दिसतात. पण ज्या उपरोधाच्या आडून इतर आठ जण बोलतात, तो उपरोध त्यांच्याकडे जवळजवळ नाही. श्रद्धा हा त्यांच्यासाठी चर्चेचा विषय नसून रोजचा अनुभव होता. त्या ऑक्सफर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करत होत्या. ‘अ वे ऑफ लुकिंग’ या १९५५ च्या संग्रहाला सॉमरसेट मॉम पुरस्कार मिळाल्यावर त्या पैशातून त्यांनी रोममध्ये काही महिने काढले, आणि परदेशी शहरांवर कविता नकोत असे एमिस बजावत असतानाच त्यांच्या कवितेत इटलीची कारंजी आली. मायकेलअँजेलोच्या सुनीतांचे त्यांचे इंग्रजी अनुवादही वाचनीय आहेत. साठीच्या दशकात मानसिक आजारामुळे त्यांना रुग्णालयात राहावे लागले, तेथल्या सोबतच्या रुग्णांविषयीच्या कविता ‘द माइंड हॅज माउंटन्स’ या १९६६ च्या संग्रहात आहेत. ब्रिटिश वाचकांत त्या शेवटपर्यंत लोकप्रिय राहिल्या. समीक्षकांनी मात्र त्यांना लार्किन यांच्या सावलीतच ठेवले.

१२. थॉम गन अमेरिकेला गेले आणि डेव्ही पाउंड यांच्याकडे वळले. मग त्यांना मूव्हमेंटचे कवी म्हणणे योग्य आहे का?

१९५६ पर्यंतच्या कवितेपुरते योग्य आहे, त्यापुढे नाही. गन १९५४ मध्ये कॅलिफोर्नियाला गेले आणि तेथेच राहिले. मोटरसायकलवरून जाणाऱ्या टोळीवरची त्यांची ‘ऑन द मूव्ह’ ही कविता ‘न्यू लाइन्स’मध्ये आहे खरी, पण तिच्यातली कृतीची आणि जोखमीची ओढ हलच्या विद्यापीठात ग्रंथपाल असलेल्या लार्किन यांना परकीच वाटली असती. गन यांनी पुढे मुक्त रचनाही केली, समलिंगी जीवनाविषयी मोकळेपणाने लिहिले, आणि एड्सने मित्र एकामागून एक जाऊ लागले तेव्हा ‘द मॅन विथ नाइट स्वेट्स’ या १९९२ च्या संग्रहातील शोककविता लिहिताना पुन्हा बांधीव वृत्ताकडे आले. या पिढीने तरुणपणी अंगी बाणवलेल्या शिस्तीचा इतका हृदयद्रावक उपयोग दुसऱ्या कोणीच केलेला नाही.

डेव्ही यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मूव्हमेंटची सर्वांत धारदार तात्त्विक बाजू त्यांनीच मांडली आणि १९५९ मध्ये तिच्यावर सर्वांत धारदार टीकाही त्यांनीच केली: आपण वाचकाची मर्जी राखत, खांदे उडवत, क्षमा मागत लिहिले, असा त्या टीकेचा सूर होता. १९६४ मध्ये त्यांनी पाउंड यांच्यावर ग्रंथ लिहिला, रशियन कवितेचे अनुवाद केले आणि नंतर अमेरिकेत अध्यापन केले. एनराइट यांचेही आयुष्य इजिप्त, जपान, थायलंड, सिंगापूर अशा देशांत शिकवण्यात गेले. १९६० मध्ये सिंगापूरच्या विद्यापीठातील पहिल्याच व्याख्यानात सरकारच्या सांस्कृतिक धोरणावर चार शब्द बोलल्यामुळे तेथील मंत्र्यांनी त्यांना बोलावून खडसावले होते. मूव्हमेंट म्हणजे परदेशाकडे पाठ फिरवलेली कविता, हे विधान लार्किन आणि एमिस यांच्याविषयी बरेचसे खरे असले तरी नवांना लागू पडत नाही.

१३. या कवितेवर मुख्य आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप लगेच आला. १९५७ मध्ये हॉवर्ड सार्जंट आणि डॅनी ॲब्से यांनी ‘मॅव्हरिक्स’ हा संग्रह ‘न्यू लाइन्स’ला उत्तर म्हणून काढला, भावनेला आणि गूढाला कवितेत जागा हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी चार्ल्स टॉमलिन्सन यांनी या कवींवर मध्यम रुचीचे आणि संकुचित दृष्टीचे असल्याचा आरोप केला.

सर्वांत गाजलेला हल्ला समीक्षक ए. अल्व्हारेझ यांचा. १९६२ च्या ‘द न्यू पोएट्री’ या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी छळछावण्या आणि अणुबॉम्ब पाहिलेल्या शतकात इंग्रजी कविता अजून सभ्यपणाच्या आडोशाला बसली आहे असे म्हटले, आणि लार्किन यांच्या ‘ॲट ग्रास’मधील निवृत्त शर्यतीच्या घोड्यांशेजारी टेड ह्यूज यांचे स्वप्नातले घोडे उभे केले. तुलना आकर्षक आहे, पण दोन कवितांचा हेतू वेगळा असल्यामुळे ती थोडी अन्यायाची आहे. शिवाय अल्व्हारेझ यांच्या संग्रहात लार्किन, गन, डेव्ही, एमिस हे सगळे होतेच, हे त्या वादात अनेकदा विसरले जाते.

१४. टेड ह्यूज आणि सिल्व्हिया प्लाथ मूव्हमेंटचे का?

नाहीत. ह्यूज यांचा ‘द हॉक इन द रेन’ १९५७ मध्ये आला तो या कवितेहून वेगळ्या वाटेने. युद्धातून आलेल्या त्या पिढीला सारे काही विसरून शांत जगायचे होते, तर आपल्याला तसे काही टाळायचे नव्हते, अशा अर्थाचे ह्यूज यांचे स्पष्टीकरण या फरकावर चांगला प्रकाश टाकते.

१५. मूव्हमेंट केव्हा संपली?

तारीख सांगायचीच असेल तर ‘न्यू लाइन्स’ निघाला त्याच सुमारास. कवी आपापल्या वाटेने गेले आणि नाव मात्र अभ्यासक्रमात उरले. लार्किन यांचे पुढचे दोन संग्रह, ‘द व्हिट्सन वेडिंग्ज’ १९६४ मध्ये आणि ‘हाय विंडोज’ १९७४ मध्ये आले, आणि त्यांच्या यशामुळे मूव्हमेंट म्हणजे लार्किन असा उलटा समज रूढ झाला.

१६. लार्किन यांची पत्रे वाचल्यावर त्यांची कविता वाचावीशी वाटत नाही. काय करावे?

लार्किन २ डिसेंबर १९८५ रोजी वारले. १९९२ मध्ये त्यांची निवडक पत्रे आणि १९९३ मध्ये अँड्र्यू मोशन यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील वंशद्वेषी व स्त्रियांना हिणवणाऱ्या मजकुरामुळे मोठे वादळ उठले. तो मजकूर खाजगी थट्टा म्हणून सोडून देता येत नाही, विशेषतः आपल्यासारख्या वाचकांना, कारण त्यातला तिरस्कार आपल्या देशातून तेथे गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो. कविता न वाचण्याचा निर्णय कोणी घेतला तर त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. जे वाचतील त्यांनी एवढे पाहावे की कवितेतला बोलणारा माणूस स्वतःच्या क्षुद्रपणाला क्वचितच मोकळे सोडतो. ‘द व्हिट्सन वेडिंग्ज’मध्ये गाडीत चढणाऱ्या नवविवाहित जोडप्यांकडे आणि त्यांच्या भडक कपड्यांतल्या नातेवाइकांकडे तो आरंभी नाक मुरडून पाहतो, आणि लंडन जवळ येईपर्यंत त्याची नजर बदललेली असते. पत्रांत हा बदल घडत नाही.

१७. या चळवळीचा मराठी नवकवितेशी किंवा मुंबईशी काही संबंध आहे का?

मराठी नवकवितेशी थेट संबंध नाही. काळ जवळचा आहे, पण दिशा उलट्या आहेत: मर्ढेकरांच्या १९४७ आणि १९५१ च्या संग्रहांनी मराठीत आधुनिकतावादाची तोडमोड आणली, आणि त्याच सुमारास इंग्लंडमधले हे तरुण ती तोडमोड नाकारत होते.

मुंबईशी दोन लहान धागे आहेत. इंग्रजीत लिहिणारे मुंबईचे कवी निसिम इझिकेल १९४८ ते १९५२ या काळात लंडनमध्ये होते, आणि त्यांचा ‘अ टाइम टु चेंज’ हा पहिला संग्रह १९५२ मध्ये लंडनच्या फॉर्च्यून प्रेसने काढला. लार्किन यांचा ‘द नॉर्थ शिप’ आणि एमिस यांचा ‘ब्राइट नोव्हेंबर’ याच प्रकाशकाने काढले होते. इझिकेल यांच्या इंग्रजी कवितेतला संयत, स्वतःकडे तिरकस पाहणारा स्वर या कवींच्या जवळचा वाटतो, एवढेच म्हणता येईल. त्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही.

दुसरा धागा लार्किन यांच्या ‘नॅचरली द फाउंडेशन विल बेअर युअर एक्स्पेन्सेस’ या उपहासकवितेत आहे. तिच्यातला प्राध्यापक नोव्हेंबरच्या एका अंधाऱ्या दिवशी मुंबईला व्याख्यान द्यायला विमानाने निघाला आहे. युद्धातील मृतांच्या स्मृतिदिनाची गर्दी वाटेत आड येते म्हणून तो चिडतो, आणि एकच निबंध किती ठिकाणी खपवता येईल याचा हिशेब करतो. कवितेचे लक्ष्य मुंबई नसून तो फुकटा विद्वान आहे.

१८. वाचन कोठून सुरू करावे?

‘द व्हिट्सन वेडिंग्ज’ या संग्रहापासून, आणि मग मागे ‘द लेस डिसीव्ह्ड’कडे यावे. त्यानंतर गन यांचा ‘द मॅन विथ नाइट स्वेट्स’ आणि जेनिंग्ज यांच्या निवडक कविता घ्याव्यात. समीक्षेची आवड असेल तर डेव्ही यांचे १९५२ चे पुस्तक कवितांइतकेच रंजक आहे. एमिस यांना कादंबरीतच भेटणे बरे. एनराइट यांच्या आशियाई देशांवरच्या कविता भारतीय वाचकाला विशेष जवळच्या वाटतील, कारण तेथे गोरा पाहुणा आपली अडचण लपवत नाही. कॉन्क्वेस्ट आणि होलोवे यांच्यासाठी ‘न्यू लाइन्स’मधली पाने पुरेशी आहेत.